माती विकत घेणारे

पोंक्षे साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
डावीकडे आपण, म्हणजे विट्याची नगरपरिषद.
उजवीकडे कंपनी.
मधे मंडई, अजून पायाही न खणलेली,
तीस वर्षांच्या रकान्यांत उभी-आडवी चिरलेली.

"कंपनी बांधेल, कंपनी चालवेल," ते म्हणाले,
"आपण वर्षाला एक कोटी साठ लाख द्यायचे.
आज खिशात हात घालायला नको, मॅडम.
पैशाचं पुरेपूर मोल."

सगळंच खोटं होतं असं नाही.
मागची मंडई आपणच बांधली होती की.
मुदत दोन वर्षांची, छप्पर आलं सातव्या वर्षी,
आणि छप्पर आलं तेव्हा ठेकेदार गेलेला.
अजून श्रावणात मिरचीवाले
छत्री धरून छताखाली बसतात.
त्या सात वर्षांची किंमत
पोंक्ष्यांनी 'जोखीम' म्हणून आपल्या बाजूला धरली होती.
नव्वद लाख.
कमी करायला मी पेन उचललं,
आणि परत ठेवलं.

मग दर.
तीस वर्षांनी द्यायचे शंभर रुपये
बारा टक्क्यांनी आज मोजले तर तीन रुपये चौतीस पैसे.
आठ टक्क्यांनी, दहाला सहा पैसे कमी.
मी एका चौकटीत बाराच्या जागी आठ लिहिलं.
सव्वादोन कोटींची बचत
आमटीत मीठ विरावं तशी विरली,
आणि खाली जवळजवळ तीन कोटींचा तोटा उमटला, लाल.
मंडई तीच. विटा त्याच. वर्षंही तीसच.

"दर ठरलेला असतो, मॅडम."
"कुणी ठरवला?"
त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

आमचे आण्णा बावीस वर्षं सेलमला, गलाईच्या भट्टीवर.
मोडीचं सोनं आलं की कसाला लावायचे, ते कुणीही करतं.
पण सोनाराच्या दुकानातला केर,
बसायच्या पोत्याची राख,
हात धुतल्याचं पाणीसुद्धा
ते वर्षाच्या बोलीवर विकत घ्यायचे.
जाळायचं, धुवायचं, पाऱ्यात घोळायचं,
तेव्हा कुठं वाटीच्या तळाशी गुंजभर पिवळं.
"दागिन्याचा भाव पोरगंही सांगंल," म्हणायचे,
"केर कितीला घेतला, त्यावर आपलं घर चाललं."

संध्याकाळी मंडईत गेले.
हौसाबाई सकटे, गटाराच्या कडेला, तरटावर कोथिंबीर.
रोजची पावती दहा रुपये.
नव्या नकाशात ओट्याचं भाडं साठ.
मला वाटलं होतं ती शिव्या घालेल,
मी शिव्या लिहून घ्यायच्या तयारीनं गेले होते.
ती म्हणाली, "संडास असंल का तितं?"
"आहे. नकाशात आहे."
"कडी लागंल आतनं?"
ते नकाशात नव्हतं.
"असंल तर देऊ की साठ. कायतरी करून देऊ.
सकाळी सहाला बसते, ते घरी जाईस्तवर
पाण्याचा घोट घेत न्हाई मी. बावीस वर्सं झाली."

बावीस.
मी जुडी घेतली. सुटे नव्हते, तिनं उधार लावली.

रात्री कार्यालयात दोन्ही कागद समोर:
बारा टक्क्यांचा होकार,
आठ टक्क्यांचा नकार,
दोन्हींखाली सहीची जागा रिकामी.
मुख्याधिकाऱ्यांना उद्या अकराला एकच उत्तर हवंय.
मी दोन्ही टाचले, दोन्ही दरांसकट,
आणि मागे तिसरा कागद लावला:
"एक विक्रेती, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, विनापाणी.
डावा रकाना: निरंक. उजवा रकाना: निरंक.
दर: ठरलेला नाही."
वाचून पाहिलं. सरकारी वाटत नव्हतं.
तरी राहू दिलं.

नूरुद्दीन शिकलगार केर काढायला आला.
"पाय वर घ्या, मॅडम."
घेतले.
खुर्चीखालून निघाली ती खोडरबराची भुकटी,
टाचणीचे तुकडे, कोथिंबिरीचं एक पान.
त्याच्या सुपल्याकडे
मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.
"काही पडलंय का तुमचं?" त्यानं विचारलं.